आगीच्या पंपावर तगलेली अणुभट्टी

१९९३ हे वर्ष महाराष्ट्राने दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवले आहे. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी जमीनदोस्त झाली. या दोहोंच्या मधे, बॉम्बस्फोटांना तीन आठवडेही उलटले नसताना, उत्तर प्रदेशात गंगेच्या काठी एक आग लागली. त्या आगीत एकही माणूस दगावला नाही, किरणोत्सर्ग केंद्राच्या कुंपणाबाहेर गेला नाही, आणि मुंबई त्या वेळी स्वतःच्याच जखमा बांधत होती. त्यामुळे नरोरा हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेले आणि तिथेच राहिले. वास्तविक भारतातल्या अणुवीज केंद्रांमध्ये आजवर घडलेल्या घटनांत ही सर्वांत गंभीर मानली जाते. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर तिची श्रेणी तिसरी, म्हणजे ‘गंभीर घटना’. ज्या संस्थांना तिचा जाब द्यावा लागला, ते अणुवीज महामंडळ आणि अणुऊर्जा नियामक मंडळ, या दोघांची मुख्यालये मुंबईतच आहेत.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. अणुभट्टीला आग लागली म्हटले की आतले युरेनियम भडकले असे चित्र डोळ्यांपुढे येते. आपल्याकडच्या जड पाण्याच्या भट्ट्यांत इंधन असते ते युरेनियमच्या ऑक्साइडच्या गोळ्यांचे. ज्याचे ज्वलन आधीच होऊन गेले आहे ते पुन्हा काय जळणार? जळते ते भोवतालचे सामान: केबलवरचे प्लॅस्टिक, टर्बाइनचे वंगण तेल, ट्रान्सफॉर्मरचे तेल आणि जनित्रातला हायड्रोजन.

गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजून घ्यायला लांब जावे लागत नाही. तिरोड्याचे ३३०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आणि नरोऱ्याचे अणुवीज केंद्र यांत फरक आहे तो वाफ कशी तयार होते याचा. एकीकडे कोळसा जळतो, दुसरीकडे अणू फुटतात. वाफ एकदा तयार झाली की पुढची यंत्रणा जवळपास सारखीच. वाफेने टर्बाइनची पाती फिरतात, त्याच दांड्यावर जनित्र फिरते आणि वीज तयार होते. मोठ्या जनित्राला थंड ठेवण्यासाठी आत हवेऐवजी हायड्रोजन भरतात. हायड्रोजन हवेच्या चौदा पट हलका, म्हणून फिरणाऱ्या भागाला त्याचा अडथळा कमी होतो. आणि उष्णता वाहून नेण्यात तो हवेपेक्षा सात पट सरस. दोष एकच. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी तो पेट घेतो. त्याला आत कोंडून ठेवायला दांड्याभोवती तेलाच्या दाबावर चालणारी सीले असतात. म्हणजे स्फोटक वायू अडवायचा तो जळणाऱ्या तेलाने. जगभरच्या वीजकेंद्रांत ही व्यवस्था दशकानुदशके नीट चालते. बिघडते तेव्हा मात्र एकदमच बिघडते.

नरोरा बुलंदशहर जिल्ह्यात, दिल्लीपासून दीडेकशे किलोमीटरवर. तिथे प्रत्येकी २२० मेगावॉटच्या दोन भट्ट्या आहेत. राजस्थान आणि कल्पाक्कमनंतरचे हे केंद्र. भट्टी झटपट बंद करणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असलेली, संपूर्ण देशी आराखड्याची ही पहिली जोडी म्हणून अणुऊर्जा खात्याला तिचा अभिमान होता, आणि तो अनाठायी नव्हता. पहिल्या भट्टीचे व्यापारी वीजउत्पादन १ जानेवारी १९९१ ला सुरू झाले. म्हणजे आगीच्या दिवशी ती जेमतेम सव्वादोन वर्षांची होती.

३१ मार्च, बुधवार. इतर सरकारी कचेऱ्यांत वर्षअखेरीचे हिशेब चालू असतील. इथे रात्रपाळी होती. भट्टी १८५ मेगावॉटवर चालू होती. पहाटे ३ वाजून ३१ मिनिटांनी कमी दाबाच्या टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती मुळाशी तुटली. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या दांड्याचा तोल गेला. तो असा थरथरला की सीले फाटली आणि तेलाच्या नळ्या तुटल्या. हायड्रोजन बाहेर पडला, पेटला, आणि त्याच्या मागोमाग तेल पेटले. टर्बाइन हॉलमध्ये ज्वाळा उठल्या. ऑपरेटरांनी एकोणचाळिसाव्या सेकंदाला हाताने भट्टी बंद केली.

इथपर्यंतची हकीकत कुठल्याही औष्णिक केंद्रात घडू शकते. तिथे बॉयलर बंद करायचा, आग विझवायची आणि नुकसान मोजायचे. चुलीतली लाकडे ओढली की चूल विझते. अणुभट्टीचे तसे नाही. अणू फुटणे थांबले तरी आधी फुटलेल्यांचे तुकडे उष्णता देतच राहतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीडेक टक्का, दुसऱ्या दिवशी अर्धा टक्का. टक्केवारी किरकोळ वाटते, पण नरोऱ्याच्या भट्टीत त्या पहाटे पहिल्या क्षणी ती ४० मेगावॉटच्या वर भरत होती. ती उष्णता कोणी तरी सतत वाहून न्यायला हवी. त्यासाठी पंप हवेत, पंपांना वीज हवी, आणि विजेला केबल हवी.

नेमक्या केबलच जळत होत्या. आग जनित्राकडून वीज बाहेर नेणाऱ्या मार्गाने आणि केबलच्या तबकांवरून पुढे सरकली. ग्रिडकडून येणारी वीज, ग्रिड गेले तर चालू होणारी डिझेल जनित्रे, डिझेलही गेले तर आधार देणाऱ्या बॅटऱ्या, अशा थरांवर थर केंद्रात होते. कागदावर हा बंदोबस्त चोख दिसतो. मात्र या सगळ्या थरांच्या केबल एकाच वाटेने, शेजारीशेजारी गेलेल्या होत्या, आणि मधे आग अडवणारी भिंत नव्हती. एका आगीने हे सगळे थर काही मिनिटांत कापले. केंद्रातली वीज संपूर्ण गेली, आणि ती पुढचे सतरा तास आली नाही.

वायुवीजनाच्या नळांतून धूर कंट्रोल रूममध्ये शिरला. दहाएक मिनिटांत तिथे थांबणे अशक्य झाले आणि ऑपरेटर बाहेर पडले. अशा वेळेसाठी दुसरी, आपत्कालीन कंट्रोल रूम असते, तशी ती होतीही. पण वीजच नाही तर तिथल्या काट्यांना तरी काय कळणार? म्हणजे त्या पहाटेची परिस्थिती अशी की, बंद केलेली अणुभट्टी तापते आहे, पंप थांबलेले आहेत, आणि आत काय चालले आहे ते दाखवणारे एकही उपकरण जिवंत नाही.

ऑपरेटरांनी सुरुवातीलाच एक निर्णय अचूक घेतला होता. वीज असतानाच वाफ बाहेर सोडणाऱ्या झडपा उघडून भट्टी वेगाने थंड करायला घेतली होती. पुढचा आधार मिळाला तो आग विझवण्याच्या व्यवस्थेचा. आगीच्या नळांना पाणी पुरवणारे काही पंप स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालतात; त्यांना ना ग्रिड लागते, ना केबल. कर्मचाऱ्यांनी हे पंप चालू केले आणि त्यांचे पाणी वाफजनित्रांत, म्हणजे भट्टीतल्या जड पाण्याची उष्णता काढून घेणाऱ्या टाक्यांत, सोडले. या जोडणीची सोय आराखड्यात शेवटचा उपाय म्हणून होती. ती वापरायची पाळी कधी येईल असे ती आखणाऱ्यांनाही वाटले नसेल. आगीसाठी राखलेले पाणी आता आगीलाही हवे होते आणि भट्टीलाही.

जड पाणी फिरवायला पंप नव्हते, तरी ते फिरत राहिले. वाफजनित्रे भट्टीपेक्षा उंचावर असतात. भट्टीत तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, वाफजनित्रात उष्णता देऊन जड होते आणि खाली उतरते. निसर्गाचे हे अभिसरण तोवर चालते, जोवर वरची टाकी थंड पाण्याने भरलेली असते. ते पाणी उकळून वाफ होत होते आणि वाफ आकाशात जात होती. ही वाफ दुसऱ्या बाजूच्या साध्या पाण्याची, भट्टीतल्या पाण्याशी तिचा संबंध नाही; म्हणून आसपासच्या गावांना तिच्यापासून धोका नव्हता.

दुसरी काळजी होती ती बंद भट्टी पुन्हा जागी होण्याची. भट्टी थांबल्यावर आत झेनॉन नावाचा वायू साठतो. तो न्यूट्रॉन शोषून घेतो आणि काही काळ भट्टीला आपसूक दाबून ठेवतो. पण दीडेक दिवसात तो विरत जातो, आणि तोवर पक्की खात्री करायची तर जड पाण्यात बोरॉन मिसळायला हवे. बोरॉन सोडणाऱ्या झडपा भट्टीच्या इमारतीत उंचावर होत्या. काही कर्मचारी हातात बॅटरीचे टॉर्च घेऊन काळोखात जिने चढले, आणि त्यांनी त्या झडपा हाताने उघडल्या. द्रव गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली उतरला. खाली आग, वर काळोख, भट्टीची अवस्था ठाऊक नाही, अशा स्थितीत ते चढले. या देशात टॉर्चच्या उजेडात झालेल्या कामांत याला फार वरचे स्थान द्यावे लागेल, असे माझे मत आहे.

मुख्य आग दीडेक तासात आटोक्यात आली. भट्टीचे इंधन शाबूत राहिले. टर्बाइन हॉलची राखरांगोळी झाली होती, आणि ती भट्टी पुन्हा वीज द्यायला दीड वर्षाहून अधिक काळ लागला.

या हकीकतीची शौर्यकथा करून थांबणे सोपे आहे. पण मला जास्त अस्वस्थ करते ते आगीच्या आधीचे.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचे केंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजी तिथले कामगार केबल भिंतीतून जातात त्या भोकांमधून हवा गळते का ते पाहत होते. पाहायचे साधन म्हणजे मेणबत्ती. ज्योत हलली की गळती आहे असे समजायचे. भोके बुजवायला वापरलेला फेस त्या ज्योतीने पेटला. सोळाशेच्या वर केबल जळाल्या आणि आग सात तास धुमसली. तिथेही सुरक्षेच्या वेगवेगळ्या यंत्रणांच्या केबल एकत्र होत्या, आणि त्या एकत्रच निकामी झाल्या. गावचे अग्निशमन प्रमुख सुरुवातीपासून सांगत होते की पाणी मारा. केंद्रातले अधिकारी विजेच्या आगीवर पाणी नको म्हणून कार्बन डायऑक्साइड आणि पावडर वापरत राहिले. शेवटी पाणी मारले तेव्हा आग थोड्याच वेळात विझली. केबलच्या गड्ड्यात खोल मुरलेली उष्णता वायूने हटत नाही, ज्वाळा दबतात आणि पुन्हा उठतात. वीजप्रवाह तोडून, योग्य तोटीने, पाण्यानेच ती काढावी लागते. या आगीनंतर अमेरिकेने नियम केला की एकमेकींना पर्याय असलेल्या यंत्रणांच्या केबलमध्ये तीन तास टिकणारी भिंत हवी, किंवा भिंत नसेल तर किमान वीस फुटांचे अंतर आणि सोबत आपोआप आग ओळखून विझवणारी यंत्रणा तरी हवी. हा नियम १९८० च्या सुमाराचा. नरोऱ्याची पहिली भट्टी चालू झाली ती १९८९ मध्ये.

त्याच १९८९ च्या ऑक्टोबरात स्पेनमधल्या वान्देयोस केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटले, आणि ते केंद्र पुन्हा कधीच चालू झाले नाही. नरोऱ्याची जणू रंगीत तालीमच. आपल्याकडेही राजस्थानच्या केंद्रात १९८५ मध्ये केबलच्या सांध्यावरून आग लागलेली होती.

आणि पात्यांचे काय? नरोऱ्याच्या आगीनंतर दोन-तीन महिन्यांनी डॉ. ए. गोपालकृष्णन नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९९६ पर्यंत त्या पदावर होते. पद सोडल्यावर त्यांनी उघडपणे लिहिले की अशा बनावटीच्या पात्यांमध्ये दोष असल्याचे मूळ आराखडा देणाऱ्या ब्रिटिश जीईसी कंपनीने १९८९ मध्येच कळवले होते. टर्बाइन बनवणाऱ्या भेलने सुधारित आराखडाही केला होता. पण प्रत्यक्ष बदल आगीनंतरच झाला. म्हणजे आग कशी लागेल हे ठाऊक होते, लागली तर कशी पसरेल हेही ठाऊक होते. दोन्ही गोष्टी फायलींत होत्या. दोष पात्यांत होता हे खरे, पण मी दोष देईन तो त्या फायलींना हलू न देणाऱ्या व्यवस्थेला.

मंडळाने आगीनंतर सुधारणा करायला लावल्या. पात्यांच्या मुळांची बनावट बदलली, केबल वेगळ्या वाटांनी नेल्या, त्यांना आग रोखणारे लेप दिले, मधे अडसर घातले, कंट्रोल रूममध्ये धूर शिरू नये अशी तजवीज केली. १९९६ मध्ये अणुकेंद्रांतल्या अग्निसुरक्षेसाठी मंडळाचे स्वतंत्र मानकही आले. काम झाले, उशिरा झाले.

जिथे खुद्द भट्टीच पेटली अशी उदाहरणेही आहेत, पण ती वेगळ्या जातीच्या भट्ट्यांची. इंग्लंडमधल्या विंडस्केलची भट्टी ग्रॅफाइटची आणि हवेने थंड होणारी होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये ती आतून पेटली. कार्बन डायऑक्साइड फवारून पाहिला, उपयोग झाला नाही. मग पाणी सोडायचे ठरले, तेही धाकधुकीतच, कारण तापलेल्या धातूवर पाणी पडले तर हायड्रोजन सुटून स्फोट होण्याची भीती. पाण्यानेही आग लगेच हटेना. तेव्हा टॉम टूही या अधिकाऱ्याने भट्टीची हवाच बंद करवली आणि ज्वाळा विझल्या. सुमारे पाचशे चौरस किलोमीटर परिसरातले दूध पुढे काही आठवडे ओतून द्यावे लागले. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ च्या रात्री छपरावर चढलेल्या बंबवाल्यांनी साधी आग समजून पाणी मारले. त्यांच्या पायाशी भट्टीतून उडालेले ग्रॅफाइटचे तुकडे पडले होते. त्यांतले सहा जण काही आठवड्यांतच किरणोत्सर्गाने गेले. काय जळते आहे ते ओळखल्याशिवाय नळी उघडू नये, हा अग्निशमनाचा पहिला धडा त्या रात्री कोणी त्यांना सांगितलाच नाही. हाच धडा गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर, नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात १९५७ पासून शिकवला जातो.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, उकळत्या पाण्याच्या. तिथे टर्बाइनला जाणारी वाफ थेट भट्टीतून येते, त्यामुळे टर्बाइन हॉलमध्ये आग विझवणाऱ्यालाही अंगावर किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण लावूनच जावे लागते. याच घराण्यातल्या फुकुशिमाच्या भट्ट्यांची वीज मार्च २०११ मध्ये त्सुनामीने घालवली. तेव्हा जपानी कर्मचाऱ्यांनी भट्टीत पाणी ढकलायला काय वापरले? आगीचे बंब. नरोऱ्यात पंप वेळेवर चालू झाले आणि भट्टी वाचली. फुकुशिमात उशीर झाला आणि तीन भट्ट्यांचे इंधन वितळले. त्यानंतर भारतातल्या सर्व अणुवीज केंद्रांत बाहेरून बंबाची नळी जोडून भट्टीला पाणी देता येईल अशा जोडण्या बसवल्या गेल्या. १९९३ च्या त्या पहाटे जे शेवटचा उपाय म्हणून वापरले, ते आता नियमित तयारीचा भाग झाले आहे.

हा विषय गोंदियाला परका राहिलेला नाही. बालाघाटच्या पलीकडे, मंडला जिल्ह्यात, नर्मदेवरच्या बर्गी धरणाच्या काठी चुटका येथे ७०० मेगावॉटच्या दोन जड पाण्याच्या भट्ट्या उभारायला केंद्र सरकारने २०१७ मध्ये मंजुरी दिली. धरणाने एकदा उठवलेल्या गावांचा त्याला विरोध आहे, आणि त्या वादात विस्थापनाचा मुद्दा आधी येणे योग्यच आहे. पण बोलणे सुरक्षिततेवर आले की ते ‘किरणोत्सर्ग होणार’ आणि ‘काही होत नाही’ या दोन टोकांवर अडकते. विचारायचे ते साधे आहे. पर्यायी यंत्रणांच्या केबल कोणकोणत्या वाटांनी जातात? डिझेलवर चालणारे आगीचे पंप किती, ते कुठे ठेवणार, आणि शेवटचे कधी चालवून पाहिले याची नोंद कोणाला पाहता येईल? टर्बाइन पुरवणाऱ्याने दोष कळवला तर तो किती दिवसांत दुरुस्त करण्याचे बंधन आहे?

अणुऊर्जा नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल सार्वजनिक आहेत. केंद्रांमध्ये वर्षभरात घडलेल्या नोंद घेण्याजोग्या घटना आणि त्यांच्या श्रेणी त्यांत दिलेल्या असतात. चुटक्याच्या बाजूने असा की विरुद्ध, मत बनवण्याआधी ते अहवाल एकदा वाचून पाहा.